इंग्रजीतील संयुक्त कर्ता आणि क्रियापदाचा अन्वय

‘आयदर यू ऑर आय … राँग’ ह्या वाक्यातील रिकाम्या जागी ‘ॲम’, ‘आर’ आणि ‘इज’ ह्यांपैकी योग्य रूप भरा, असा प्रश्न इंग्रजी व्याकरणाच्या शालेय पुस्तकांत व परीक्षांत वर्षानुवर्षे येत आला आहे. उत्तरही ठरलेले असते: क्रियापदाला जवळचा कर्ता ‘आय’, म्हणून ‘ॲम’. इतर दोन रूपांना गुण मिळत नाहीत. मात्र इंग्रजी ही जन्मभाषा असलेल्या सुशिक्षित मनुष्यापुढे हेच वाक्य ठेवले, तर तो बहुधा तिन्हींपैकी एकही रूप खात्रीने निवडत नाही. तो क्षणभर अडखळतो आणि वाक्यच बदलतो. ‘आयदर यू आर राँग ऑर आय ॲम’ असे काहीसे तो म्हणतो. ज्या नियमाचे उत्तर विद्यार्थ्याला तोंडपाठ असते, तो नियम त्या भाषेच्या भाषकालाच अडखळवतो, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. हा नियम इंग्रजी भाषेचा आहे की इंग्रजीच्या व्याकरणकारांचा, असा प्रश्न त्यातून उभा राहतो.

ह्या प्रश्नाचा विचार करताना इंग्रजी क्रियापदाचे दारिद्र्य प्रथम लक्षात घ्यावयास हवे. कर्त्याचे लिंग त्यात कोठेच उमटत नाही. वचन आणि पुरुष ह्यांची खूण उमटते ती वर्तमानकाळी, तृतीयपुरुषी एकवचनी लागणाऱ्या ‘स्’ प्रत्ययात. भूतकाळात तीही नाहीशी होते. ‘मस्ट’, ‘कॅन’, ‘विल’ ह्यांसारखी साहाय्यक क्रियापदे कर्ता कोणताही असला तरी बदलत नाहीत. ‘असणे’ ह्या अर्थाचे ‘बी’ हे एकच क्रियापद त्यातल्या त्यात श्रीमंत: वर्तमानकाळी ‘ॲम’, ‘इज’, ‘आर’ अशी तीन आणि भूतकाळी ‘वॉज’, ‘वर’ अशी दोन रूपे. इंग्रजीतील अन्वयाचे सारे वाद ह्या थोडक्या रूपांभोवती फिरतात. पुढील विवेचनाचा आधारही ही विरळ रूपव्यवस्थाच आहे.

समुच्चयबोधक ‘अँड’ने जोडलेल्या कर्त्यांची वाट पुष्कळशी सरळ आहे. दोन एकवचनी नामे जोडली की त्यांची बेरीज अनेकवचनी होते आणि क्रियापद ती बेरीज पाहते. ‘द बॉय अँड द गर्ल आर हिअर’ ह्या वाक्यात ‘आर’ हे रूप ‘बॉय’चेही नव्हे आणि ‘गर्ल’चेही नव्हे. ते त्या दोघांच्या समूहाचे आहे. घटकांच्या भिन्न लक्षणांतून संपूर्ण पदबंधाचे एक लक्षण ठरविण्याच्या ह्या क्रियेला अर्वाचीन भाषाविज्ञानात स्वतंत्र संज्ञा आहे. टॅल्मी गिव्होन ह्यांनी 1970 साली बांटू भाषांतील लिंगविरोधाची चर्चा करताना ती वापरली आणि पुढे ग्रेव्हिल कॉर्बेट ह्यांच्या ग्रंथांतून ती रूढ झाली. मराठीत तिला ‘परिहार’ म्हणता येईल. दोन लक्षणांमधील विरोधाचा परिहार कसा करावयाचा हे त्या त्या भाषेच्या व्याकरणाने आधीच ठरवून ठेवलेले असते. भाषकाला बोलताना थांबून निर्णय करावा लागत नाही.

पुरुषाच्या बाबतीतही असा परिहार असतो. मराठीत ‘तू आणि मी जाऊ’, ‘तू आणि तो जाल’ असे होते. प्रथमपुरुष द्वितीयावर आणि द्वितीयपुरुष तृतीयावर मात करतो. संस्कृतातही क्रम हाच आहे, फक्त तेथे आपल्या प्रथमपुरुषाला उत्तमपुरुष म्हणतात. पाणिनीला त्यासाठी वेगळे सूत्र करण्याचीही गरज पडली नाही. मध्यमपुरुषाचे सूत्र (1.4.105) आधी आणि उत्तमपुरुषाचे (1.4.107) नंतर येते. विरोध आला असता नंतरचे कार्य बलवान, ही परिभाषा (1.4.2) त्याच पादाच्या आरंभी सांगितलेली आहे. शेवटी ‘उरलेल्या’ ठिकाणी तृतीय. सूत्रांच्या नुसत्या मांडणीतून पुरुषांची उतरंड सिद्ध होते. इंग्रजीतही ही उतरंड आहेच, पण क्रियापदात ती दिसत नाही, कारण अनेकवचनात ‘आर’ हे एकच रूप तिन्ही पुरुषांना पुरते. ती दिसते ती सर्वनामात. ‘यू अँड आय’ ह्यांच्यामागून ‘अवरसेल्व्ज’ येते आणि ‘यू अँड ही’ ह्यांच्यामागून ‘युअरसेल्व्ज’. तेव्हा ‘अँड’च्या संदर्भात इंग्रजीला वचनाचा आणि पुरुषाचा असे दोन्ही परिहार अवगत आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या सरळ वाटेवरही काही वळणे आहेत. ‘ब्रेड अँड बटर’ हा एक खाद्यपदार्थ म्हणून समोर असला म्हणजे क्रियापद ‘इज’ येते. पाव आणि लोणी ह्या दोन वस्तूंचे भाव वेगवेगळे वाढले असतील तर ‘आर’ येते. ‘टू अँड टू’ ह्यांच्यापुढे ‘इज’ही चालते आणि ‘आर’ही. ‘एव्हरी मॅन अँड वुमन’ ह्यापुढे ‘हॅज’ येते, कारण ‘एव्हरी’ हा शब्द समूहाला फोडून एकेक व्यक्ती पुढे करतो. ‘द सेक्रेटरी अँड ट्रेझरर’ म्हणजे दोन्ही कामे पाहणारी एक व्यक्ती, आणि ‘द’ दोनदा आले की दोन व्यक्ती, हा नियम आपल्याकडील प्रत्येक शालेय व्याकरणात सापडतो. तो अर्धाच खरा आहे. ‘द किंग अँड क्वीन’ ह्यात ‘द’ एकदाच येते, तरी राजा आणि राणी एकच व्यक्ती आहेत असे कोणी समजत नाही, आणि क्रियापद ‘आर’च येते. येथे निर्णय अर्थाचा आहे. उपपद त्याची एक खूण, तीही दरवेळी भरवशाची नव्हे.

ग्रंथांतूनही एकवचनी क्रियापदाची उदाहरणे कमी नाहीत. 1611 च्या इंग्रजी बायबलातील मत्तयाच्या सहाव्या अध्यायातील प्रार्थनेच्या अखेरीस राज्य, सामर्थ्य आणि वैभव अशी तीन नामे ‘अँड’ने जोडलेली आहेत, आणि क्रियापद एकवचनी आहे. ते तिन्ही नामांच्या आधी येते, हे येथे ध्यानात ठेवावे. मुंबईत जन्मलेल्या रड्यार्ड किपलिंगच्या ‘रिसेशनल’ ह्या 1897 च्या कवितेत गलबल्याच्या अर्थाची दोन नामे जोडून पुढे एकवचनी क्रियापद आले आहे. दोन्ही शब्दांनी मिळून एकच कोलाहल सांगितला आहे, असे मानले म्हणजे त्याची उपपत्ती लागते.

‘ॲज वेल ॲज’, ‘विथ’, ‘टुगेदर विथ’ ह्यांनी जोडलेल्या नामांबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. ते खरे संयुक्त कर्ते नव्हेत. ‘द कॅप्टन, विथ हिज मेन, वॉज सेव्ह्ड’ ह्यातील सैनिक कप्तानाबरोबर वाचले, तरी अन्वयात ते प्रवासीच.

खरी अडचण आहे ती विकल्पबोधक ‘ऑर’ आणि ‘नॉर’ ह्यांच्याशी. ‘अँड’ने बेरीज होते, ‘ऑर’ने होत नाही. ‘जॉन ऑर मेरी इज कमिंग’ ह्यात दोन्ही घटक तृतीयपुरुषी एकवचनी असल्यामुळे विरोधच उत्पन्न होत नाही. घटक भिन्न वचनांचे अथवा भिन्न पुरुषांचे असले म्हणजे मात्र परिहाराची गरज पडते, आणि येथे इंग्रजी व्याकरण मूक आहे. समूह नाही म्हणून अनेकवचन लागू नाही. दोघांपैकी कोण हे ठाऊक नाही म्हणून एकाचे लक्षणही निःशंकपणे घेता येत नाही.

व्याकरणकारांना मात्र मूक राहता आले नाही. रॉबर्ट लाउथ ह्यांचे लहानसे इंग्रजी व्याकरण 1762 साली प्रसिद्ध झाले. लाउथ पुढे 1777 मध्ये लंडनचे बिशप झाले. 1795 साली लिंडली मरे ह्यांचे व्याकरण आले. जन्माने अमेरिकन असलेले मरे वकिली सोडून इंग्लंडात यॉर्कजवळ स्थायिक झाले होते, आणि हे पुस्तक त्यांनी यॉर्कमधील मुलींच्या एका शाळेच्या गरजेसाठी लिहिले. एका शाळेसाठी लिहिलेल्या ह्या पुस्तकाने पुढे एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी व्याकरणशिक्षणावर राज्य केले. विकल्पाने जोडलेले घटक भिन्न पुरुषांचे असतील तर क्रियापदाने जवळच्याशी जुळावे, असे मरे सांगतात. घटक भिन्न वचनांचे असतील तर मात्र अनेकवचनी घटकाशी जुळावे आणि तो घटक शक्य तर क्रियापदाजवळ ठेवावा, असे ते म्हणतात. म्हणजे पुरुषासाठी एक तत्त्व आणि वचनासाठी दुसरे. शिवाय दुसऱ्याला पहिल्याचा पोशाख घालता यावा म्हणून शब्दांची जागा बदलण्याची शिफारस. भाषेतून शोधून काढलेला नियम असा दिसत नाही. उघड्या भोकावर लावलेले हे ठिगळ आहे.

ठिगळ हा शब्द कठोर वाटेल. पण त्याला पुरावा आहे, आणि तो इंग्रजीच्या रूपांतच दडलेला आहे. ‘आयदर यू ऑर आय हॅव मेड ए मिस्टेक’ हे वाक्य घ्यावे. अर्थ पुन्हा तोच, दोघांपैकी एकाची चूक. पण ह्या वाक्यावर कोणीही इंग्रजी भाषक अडखळत नाही, कारण ‘हॅव’ हे रूप ‘यू’लाही चालते आणि ‘आय’लाही. ‘यू’च्या जागी ‘ही’ घातले की ‘हॅव’ की ‘हॅज’ ही शंका तत्काळ उभी राहते. तेच वाक्य साध्या भूतकाळात नेऊन ‘मेड’ म्हटले की शंका पुन्हा नाहीशी होते. ‘आयदर ही ऑर आय वॉज’ हे सुखाने म्हणता येते, कारण ‘वॉज’ दोघांचेही आहे. ‘आयदर यू ऑर आय’ म्हटले की ‘वॉज’ आणि ‘वर’ ह्यांत तंटा लागतो. ‘आयदर दे ऑर यू आर’ ह्यात वचन आणि पुरुष दोन्ही वेगळे असू शकतात, तरी ‘आर’ दोघांनाही पुरते म्हणून वाक्य निर्वेध जाते.

अडचणीचे मूळ अर्थात असते, तर ती ह्या सर्व वाक्यांत सारखीच यावयास हवी होती. विकल्पाचा अर्थ तर सर्वत्र एकच आहे. ती येते फक्त तेथे, जेथे दोन्ही घटकांना एकच रूप पुरत नाही. दोन व्याकरणिक स्थानांसाठी एकच रूप असण्याला रूपैक्य म्हणतात. रूपैक्य असेल तेथे इंग्रजी भाषक दोन्ही मागण्या एकाच शब्दाने भागवितो. ते नसेल तेथे त्याच्याजवळ निर्णयाचे साधन नसते. जेफ्री पुलम आणि आर्नोल्ड झ्विकी ह्यांनी 1986 साली ‘लँग्वेज’ ह्या नियतकालिकात ह्या प्रकाराची सविस्तर चर्चा केली. लक्षणांचा विरोध व्याकरणाने सुटत नसला तरी दोन्ही बाजूंचे उच्चारित रूप एकच असले म्हणजे तो सुटू शकतो, असे त्यांनी दाखविले. सान्निध्य हा जर इंग्रजीचा जिवंत नियम असता, तर रूपैक्य असो वा नसो, भाषकाने जवळच्या घटकाकडे पाहून निःशंकपणे ‘ॲम’ म्हटले असते. ‘अँड’च्या वाक्यात तो ‘आर’ जितक्या सहजपणे म्हणतो, तितक्याच सहजपणे.

सान्निध्याचा प्रभाव इंग्रजीत नाहीच, असे मात्र ह्यावरून समजू नये. तो आहे, आणि व्याकरणकार त्याला जेथे चूक म्हणतात तेथे तो विशेष जोरात आहे. कॅथरिन बॉक आणि कॅरल मिलर ह्यांनी 1991 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्रजी भाषकांना वाक्याचा आरंभ देऊन तो पूर्ण करावयास सांगितले होते. ‘कपाटांची किल्ली’ अशा धर्तीच्या, म्हणजे मुख्य नाम एकवचनी आणि क्रियापदाजवळचे नाम अनेकवचनी अशा कर्त्यांनंतर लोकांच्या तोंडून चुकीचे अनेकवचनी क्रियापद येऊन जात असे. उलट बाजूने, मुख्य नाम अनेकवचनी आणि जवळचे एकवचनी असताना, अशी चूक फारच कमी होई. ह्या ओढीला आकर्षण म्हणतात. ह्यात गंमत अशी की, किल्लीच्या वाक्यात जवळच्या नामाकडे झुकलेल्या विद्यार्थ्याचे गुण कापले जातात, आणि ‘ऑर’च्या वाक्यात न झुकलेल्याचे.

क्रियापद कर्त्याच्या आधी आले म्हणजे ही ओढ आणखी स्पष्ट होते. ‘देअर इज ए पेन अँड टू बुक्स ऑन द टेबल’ असे सुशिक्षित इंग्रजी भाषक सहज बोलून जातो. दौड ‘पेन’पर्यंत झाली आहे, पुढची पुस्तके अजून यावयाची आहेत. मत्तयाच्या प्रार्थनेतील एकवचनाचा उलगडाही बहुधा असाच करावा लागेल. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1972 आणि 1985 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मोठ्या व्याकरणांत रूपानुसारी, अर्थानुसारी आणि सान्निध्यानुसारी अशी अन्वयाची तीन तत्त्वे मानली आहेत. ही विभागणी उपयुक्त आहे, पण ती तिन्ही एका पातळीवरची समजणे बरोबर होणार नाही. पहिली दोन भाषेच्या व्यवस्थेचा भाग आहेत. तिसरे, निदान इंग्रजीपुरते, व्यवस्था अपुरी पडली असता आधाराला घेतलेले आहे. वचनभेद असताना भाषकाचा कल जवळच्या घटकाकडे जातो हे खरे. पण कल म्हणजे नियम नव्हे, आणि पुरुषभेद आला की तोही डळमळतो.

‘इंग्रजीपुरते’ असे म्हणण्याचे कारण मराठीत आहे. मराठीत सान्निध्य हे व्यवस्थेचेच अंग आहे आणि ते ‘आणि’च्या वाक्यांतही चालते. ‘त्याचा कोट आणि टोपी हरवली’, ‘टोपी आणि कोट हरवला’, ‘भाकरी, भाजी आणि ताक संपले’: निर्जीव वस्तूंच्या बाबतीत क्रियापद शेवटच्या नामाचे लिंग आणि वचन घेते, आणि ह्यात कोणाही मराठी भाषकाला काही खटकत नाही. मनुष्ये आली की नियम बदलतो. ‘नवरा आणि बायको आली’ ह्यातील ‘आली’ हे नपुंसकलिंगी अनेकवचन होय. ‘ती दोघे’ असे पुढे म्हटले की ते उघड होते. क्रम उलटून ‘बायको आणि नवरा आली’ म्हटले तरी रूप टिकते. म्हणजे हा सान्निध्याचा परिणाम नसून खरा परिहार आहे. आजच्या बोलीत तेथे ‘आले’ असा पुल्लिंगी प्रयोगही ऐकू येतो, ती गोष्ट वेगळी. महत्त्वाचे हे की, परिहार आणि सान्निध्य ह्यांची कामे मराठीने सजीव आणि निर्जीव अशी वाटून दिली आहेत.

मराठी विद्यार्थ्याच्या इंग्रजी लेखनात ‘हिज कोट अँड हॅट वॉज लॉस्ट’ असे वाक्य आढळले तर त्याचे मूळ ह्या वाटणीत शोधावे. तो निष्काळजी असेलच असे नाही. तो आपल्या भाषेचा एक पक्का नियम दुसऱ्या भाषेत नेत आहे. ही चूक खरी चूक आहे, आणि ती सुधारलीच पाहिजे, कारण ‘अँड’च्या बाबतीत इंग्रजीचे व्याकरण स्पष्ट बोलते. ‘आयदर यू ऑर आय’पुढे ‘आर’ लिहिणाऱ्याची गोष्ट निराळी आहे. त्याने ज्या नियमाचा भंग केला, तो नियम इंग्रजी भाषकालाही सांभाळता येत नाही. दोन्ही ठिकाणी सारखीच तांबडी रेघ मारणारा परीक्षक दोन भिन्न गोष्टींना एकच नाव देत असतो.

विशेष म्हणजे जुन्या शालेय ग्रंथांना ह्याची जाणीव होती. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या प्रमाण मानलेल्या रेन आणि मार्टिन ह्यांच्या व्याकरणात जवळच्या कर्त्याचा नियम दिला आहे, आणि त्यालाच जोडून, अशी रचना टाळलेली बरी, कर्त्यागणिक वेगळे क्रियापद योजावे, असा सल्लाही दिला आहे. (ह्यांतील रेन म्हणजे ‘बो जेस्ट’ ह्या 1924 च्या कादंबरीचे लेखक पी. सी. रेन, हिंदुस्थानच्या शिक्षणसेवेत ते मुंबई इलाख्यात होते.) परीक्षांनी नियम उचलला आणि सल्ला मागे ठेवला, कारण सल्ल्यावर रिकाम्या जागा भरण्याचा प्रश्न काढता येत नाही.

टाळण्याच्या वाटा इंग्रजीत दोन आहेत. पहिली, वर सांगितल्याप्रमाणे, वाक्याचे दोन तुकडे करण्याची. दुसरी ‘मस्ट’सारख्या न बदलणाऱ्या क्रियापदाचा आश्रय घेण्याची: ‘आयदर यू ऑर आय मस्ट गो’. मराठी भाषकही अशा प्रसंगी असेच काही करतो. ‘तू किंवा मी’ एवढे म्हटल्यावर ‘जाशील’ म्हणावे की ‘जाईन’, हा पेच मराठीतही पडतो; जवळचा म्हणून ‘जाईन’ म्हणणारे आहेत, पण ते कानाला निर्भेळ गोड लागत नाही. मग मराठी माणूस भावे प्रयोगाकडे वळतो आणि ‘तुला किंवा मला जावे लागेल’ असे म्हणून मोकळा होतो. त्या वाक्यात क्रियापद कोणाशीच जुळत नाही.